वर्गाबाहेरचा दिपेश

मित्रांनो, पुढे दांडी नसलेली, निळ्या रंगाची एक मुलींची सायकल म्हणून मी या जगात आले. आता रंग पोपडे धरून सुटतो, घंटी गळा बसल्यासारखी वाजते आणि चढ आला की चेन कुरकुरते. तरी अजून चालते मी. चालते म्हणूनच सांगावंसं वाटतं. माझं स्वतःचं आयुष्य तसं साधंच आहे. पण माझ्यावर बसून जो मुलगा मोठा झाला, त्याचं सांगितल्याशिवाय माझंही सांगून होणार नाही.

दूर पंजाबातल्या एका कारखान्यात माझ्या नळ्या कापल्या गेल्या, जोडल्या गेल्या, रंगात बुडवून वाळत टांगल्या गेल्या. मग अर्धवट जोडलेल्या अवस्थेत, पुठ्ठ्यात गुंडाळून, मी ट्रकने मुरबाडला आले. तिथल्या मिस्त्रीने मला चाकं लावली, आऱ्या ताणल्या, पुढे तारेची जाळी बसवली. लांबून पायी येणाऱ्या मुलींनी शाळा सोडू नये म्हणून सरकार त्यांना सायकली देत होतं. टोकावड्याच्या हायस्कूलच्या मैदानात आम्ही ओळीने उभ्या होतो. नाव पुकारलं गेलं तशी आठवीतली एक सडपातळ मुलगी पुढे आली आणि माझ्या हँडलला तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलं. ती कुणाली. त्या दिवशी तिने मला चालवत घरी नेलं नाही, हाताने ढकलत नेलं. तिला सायकल येतच नव्हती.

घाटाच्या रस्त्यापासून आत, नदीपलीकडे तिचं गाव. बाप रामू भातशेती करायचा आणि उन्हाळ्यात गवंडीकामाला जायचा. आई कमळ शेतात, गोठ्यात, चुलीशी, सगळीकडे असायची. मी ओटीवर चढले तसा घरातून तिचा सात वर्षांचा भाऊ धावत आला. त्याने घंटी वाजवली, पायडल उलटं फिरवलं, चाकात काडी घालून टरटर आवाज काढला, हवेचं बूच उघडलं आणि माझी हवा फुस्स करून टाकली. हे सगळं कुणालीच्या तोंडातून "अरे!" निघेपर्यंत झालं होतं.

तो दिपेश.

रोज सकाळी कुणाली त्याला कॅरिअरवर बसवून गावच्या शाळेत सोडायची आणि पुढे टोकावड्याला जायची. मागे बसून तो अखंड बोलायचा. एक गोष्ट अर्धी झाली की दुसरी, दुसरीच्या मध्येच तिसरी. बोलता बोलता उभा राहायचा, वाकायचा, एका बाजूला कलायचा. एकदा झुडपातून भारद्वाज उडाला. तो बघायला दिपेश असा वळला की त्याचा पाय माझ्या मागच्या चाकात गेला. मित्रांनो, माझ्या आऱ्यांमध्ये त्याची टाच अडकली, तेव्हाचा तो आवाज मला विसरता येत नाही. कुणालीने मला रस्त्यातच टाकलं आणि त्याला उचलून घरी पळाली.

संध्याकाळी हळद भरलेला पाय घेऊन तो ओटीवर बसला होता. कमळ रडवेली होऊन म्हणत होती, "किती येळा सांगितलं रे, पाय लांब ठेव, पाय लांब ठेव. तुझ्या ध्यानात कसं राहत नाय?"

"ध्यानात राहतं गो आये," तो म्हणाला. "पण पाय ऐकत नाय."

सगळे हसले. रामूही हसला. मलाही वाटलं, लहान आहे, होईल मोठा.

कुणालीची दहावी झाली. कॉलेजला ती मुरबाडला जाऊ लागली, एसटीने. मी दिपेशकडे आले. तो पाचवीत, टोकावड्याच्याच हायस्कूलमध्ये. मुलींची सायकल म्हणून पोरं त्याला चिडवायची, पण त्याला माझी लाज नव्हती. तो मला उलगडायचा. ब्रेकचे रबर, फ्रीव्हील, चेनची कडी, सगळं खोलायचा आणि पुन्हा बसवायचा. हात इतका हलका की वाटायचं, जन्मभर हेच करत आलाय. फक्त शेवटपर्यंत पोचायचा नाही. एक नट कसायचा राहायचा आणि हा कुत्र्यामागे धावलेला असायचा. मग दुसऱ्या दिवशी उतारावर माझं मडगार्ड सुटायचं आणि आम्ही दोघं शेताच्या बांधावर.

शाळेत मात्र त्याचं फार वाईट चाललं होतं. मी सायकल-स्टँडमध्ये उभी असायचे. तिथून वर्गाचा दरवाजा दिसायचा. तास सुरू झाला की थोड्याच वेळात दिपेश बाहेर यायचा. कधी शेजाऱ्याची वही ओढली म्हणून, कधी प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर ओरडला म्हणून, कधी खिडकीत चढला म्हणून. "बाहेर हो" हे दोन शब्द मला त्या शाळेच्या घंटेइतके पाठ झाले. पहिल्या पहिल्यांदा तो दाराशी कान लावून आतला धडा ऐकायचा. पुढे पुढे तो सरळ माझ्याकडे येऊ लागला. माझ्या मागच्या चाकाशी उकिडवा बसून पायडल फिरवत राहायचा. चाक गरगर फिरायचं आणि तो त्याच्याकडे बघत असायचा. गणित, भूगोल, कविता, सगळं त्याच्या पाठीमागे होऊन जायचं.

घरी मार होता. रामू दुष्ट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगते. दिवसभर विटा उचलून आलेला माणूस, त्याला शाळेतून निरोप यायचा, तुमच्या मुलाने हे केलं, ते केलं. तो हात उचलायचा आणि मारून झालं की स्वतःच जेवायचा नाही.

दिपेश सहावीत गेला त्या वर्षी संजीवनीबाई शाळेत आल्या. कंत्राटावरच्या शिक्षिका, वयाने लहान, आवाज मऊ. त्यांनीही सुरुवातीला दोनतीनदा त्याला बाहेर काढलं. मग एकदा त्या स्वतःच बाहेर आल्या आणि स्टँडमध्ये, माझ्या शेजारी, त्याच्याजवळ बसल्या. तो चेन बसवत होता. ती बसेपर्यंत त्या बघत राहिल्या.

पुढच्या शनिवारी कुणाली त्याला न्यायला आली, तेव्हा बाईंनी तिला थांबवलं. मी कुणालीच्या हातात होते, म्हणून सगळं ऐकलं.

"तुझा भाऊ खोडकर नाही," बाई म्हणाल्या.

कुणालीला वाटलं, बाई थट्टा करतायत. "सगळे तेच बोलतात बाई."

"खोडकर मुलं मी बघितली आहेत. त्यांना खोडी काढून मजा वाटते. याला नंतर रडू येतं. काल शाईची बाटली सांडली, तर स्वतःच्या शर्टाने पुसत बसला. याला थांबायचं असतं, पण थांबता येत नाही. शहापूरला एका संस्थेच्या दवाखान्यात मुलांच्या डॉक्टर येतात. त्यांना दाखवशील का?"

"येडा हाय का तो?" कुणालीने हळूच विचारलं.

"नाही गं. तुला चष्मा लागला असता तर तू वेडी झाली असतीस का?"

कुणाली त्याला शहापूरला घेऊन गेली. आधी एसटीने मुरबाड, तिथून दुसरी गाडी. मी ओटीवरच होते. ती परत आली ती तापलेल्या चेहऱ्याने, खूप काही सांगायचं असलेल्या माणसासारखी. कमळ भात पाखडत होती. कुणाली तिच्या पुढ्यात बसली.

"आये, डॉक्टरीणबाई बोलल्या, हा आजार हाय. त्याचं लक्ष एका जागी थांबत नाय. मनात यायच्या आधी हात-पाय धावतात. तो मुद्दाम नाय करत. गोळी दिलीय. आणि घरी कसं वागायचं ते पण सांगितलं. एका येळी एकच काम सांगायचं. केलं की लगेच चांगलं बोलायचं. मारायचं नाय."

कमळचं सूप थांबलं. "मारायचं नाय?"

"नाय. आणि अजून एक बोलल्या. असली पुष्कळ पोरं चांगली निघतात. नुसत्या या आजारानं कोण चोर-लफंगा होत नाय. पण ज्याला घरी मार आणि शाळेत 'बाहेर हो', तेवढंच मिळतं, त्याला जवळ घेणारी दुसरीच माणसं भेटतात. आपण तेवढं होऊ द्यायचं नाय, बोलल्या."

कमळने सूप बाजूला ठेवलं आणि अंगणात माती उकरणाऱ्या दिपेशला हाक मारली. तो आला. तिने त्याच्या टाचेवरच्या जुन्या वणावरून हात फिरवला.

मित्रांनो, पुढचे काही महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. एका रविवारी दिपेशने मला अंगणात उलटी केली. दोन्ही चाकं काढली, छर्रे धुतले, ग्रीस भरलं, ब्रेक बसवले, एकेक नट कसला. मी वाट बघत होते, आता हा उठून पळेल. तो उठला नाही. शेवटचा नट कसून झाला तेव्हा त्याने मला सरळ उभी केली आणि एक चक्कर मारून आला. कमळ दारातच उभी होती. "पुरी केलीस रे!" ती म्हणाली. दिपेश असा लाजला की घंटी वाजवत पुन्हा रस्त्यावर पळाला. शाळेतही तो आता बहुतेक तास आतच असायचा. स्टँडमध्ये मी एकटी असायचे, आणि त्या एकटेपणाचा मला आनंद व्हायचा.

पण चांगलं चाललेलं मोडायला फार मोठं काही घडावं लागत नाही. संजीवनीबाईंचं कंत्राट संपलं, त्या गेल्या. कुणालीची बारावी झाली आणि तिला आटगावजवळच्या एका गोदामात माल तपासायचं काम मिळालं. ती तिथेच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहू लागली. दिपेशला शहापूरला न्यायचं काम रामूवर आलं. एकदा भाताची लावणी होती, एकदा स्लॅबचं काम होतं. तारखा चुकू लागल्या.

त्यातच वर्गातल्या एका मुलाला दिपेशच्या कंपासपेटीत गोळ्यांची पट्टी सापडली. मधल्या सुट्टीत ती पट्टी हातोहात फिरली. "येड्याची गोळी! येड्याची गोळी!" पोरं स्टँडभोवती गोल करून ओरडत होती. दिपेश माझं हँडल धरून मध्ये उभा होता. दुसऱ्या दिवशी नाक्यावर चहा पिताना कुणीतरी रामूला विचारलं, "काय रे, पोराला येड्याच्या डॉक्टरकडं नेतोस?"

रामू घरी आला तो सरळ आत गेला. फळीवरून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि चुलीत टाकलं. कमळ म्हणाली, "अवो, काय करताय?"

"माझा पोरगा येडा नाय," तो म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता. घाबरलेल्या माणसाचा होता. "उद्या याला पोरगी कोण देईल? आता बरा हाय तो. गोळी लागत नाय."

आणि खरंच, काही दिवस तो बरा होता. तेवढ्या दिवसांवर सगळ्यांनी विश्वास ठेवला. कुणालीने फोन केला की रामू तेच सांगायचा, आणि कुणालीलाही ते खरं मानायचं होतं.

नववीत दिपेश पुन्हा वर्गाबाहेर आला आणि मी रोज त्याची सोबत करू लागले, तासन् तास. आता तो धडा ऐकायला दाराशी जात नव्हता. उंची वाढली होती, आवाज फुटला होता. कुणी चिडवलं की हात आधी उठायचा, मग त्याला कळायचं. मारामाऱ्या झाल्या. एका काचेच्या खिडकीचा चुरा झाला.

मग ते माईकचं प्रकरण झालं. गावच्या एका माणसाने शाळेला नवा ध्वनिक्षेपक भेट दिला होता. ती पेटी खोलीत एकटीच होती आणि दिपेशही बाहेर एकटाच होता. आत काय असेल, आवाज कुठून येत असेल, एवढंच त्याला बघायचं होतं. माझ्या जाळीतला पाना घेऊन तो आत गेला, ते मी पाहिलं. तास संपेपर्यंत त्या पेटीचे तुकडे जमिनीवर पसरले होते आणि लोहचुंबक असलेला भोंग्याचा भाग दिपेशच्या खिशात होता. उन्हात बघायला म्हणून त्याने तो खिशात घातला होता. मुख्याध्यापकांनी खिसा उलटा केला. "चोर," ते म्हणाले.

मित्रांनो, तोपर्यंत त्याने कुणाच्या झाडाची कैरीसुद्धा न विचारता काढली असेल-नसेल. पण तो शब्द त्याला त्या दिवशी मिळाला, आणि फुकट मिळाला. रामूला बोलावलं. प्रार्थनेच्या ओळी उभ्या होत्या. त्या सगळ्यांसमोर रामूने मुलाला मारलं. दिपेश रडला नाही. तो बापाकडे नुसता बघत होता, आणि मला वाटतं, त्या बघण्यानेच रामूला आणखी मारावंसं वाटलं. शेवटी मुख्याध्यापकच म्हणाले, "पुरे. दाखला घेऊन जा याचा. आम्हाला दुसरी पण मुलं सांभाळायची आहेत."

तेव्हापासून आम्ही दोघं रस्त्यावर. घाटाच्या वाटेवर ढाबे आहेत. मुंबई-पुण्याकडची माणसं मोटरसायकलींवर येतात, चहा पितात, फोटो काढतात आणि माळशेजला जातात. तिथे एका ढाब्यावर शाम नावाचा तरुण बसून असायचा. बावीस-तेवीसचा, अंगावर चांगले कपडे, तोंडात सतत "टेन्शन नाय". त्याची गाडी एकदा बंद पडली होती. दिपेश गेला, वाकला, काहीतरी उघडलं, फुंकर मारली आणि गाडी सुरू झाली.

"भारी हात हाय रे तुझा!" शामने त्याच्या पाठीवर थाप मारली. "कुठं शिकलास?"

"कुठं नाय," दिपेश म्हणाला. तो हसत होता. कित्येक महिन्यांत मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मला त्या क्षणीच भीती वाटायला हवी होती. पण माझ्या दिपेशचं कुणीतरी कौतुक केलं म्हणून मीही फुलून गेले.

आधी उभ्या गाड्यांतलं पेट्रोल. मग हेल्मेटं. मधल्या वेळात दिपेश शामच्या गाडीवर ती चालवायलाही शिकला. शाम कधी स्वतः हात लावायचा नाही. तो नुसतं म्हणायचा, "काढ," आणि दिपेशचा हात जायचा. रात्री अंथरुणावर तो तळमळायचा. एकदा कमळला म्हणाला, "आये, मी उद्यापासून तिकडं जाणार नाय." कमळला कळलं नाही तिकडं म्हणजे कुठे. ती म्हणाली, "नको जाऊ." सकाळी शामने नाक्यावरून शीळ घातली आणि आम्ही निघालो.

दिवाळीची सुट्टी होती. रस्त्यावर गर्दी. आपली गाडी ढाब्यावरच ठेवून शाम माझ्या कॅरिअरवर बसला होता, दिपेश पायडल मारत होता. घाटाच्या अलीकडे एका वळणावर बाईजा नावाची म्हातारी टोपली मांडून काकड्या आणि उकडलेल्या शेंगा विकायची. आम्हा सगळ्यांना ती ओळखीची. दिपेशने मला तिच्यामागच्या आंब्याला टेकवलं. बाईजा म्हणाली, "शेंगा खातंस का रे?" तो म्हणाला, "येतो आजी, मग खातो."

पलीकडे पर्यटकांच्या गाड्या लावलेल्या होत्या. माणसं खाली धबधब्याच्या वाटेला गेली होती. शामने एका नव्या मोटरसायकलकडे हनुवटीने दाखवलं. दिपेश क्षणभर उभा राहिला. मी मनातल्या मनात म्हणत होते, नको, नको. पण सायकलीचं कोण ऐकणार? त्याचे हात त्या गाडीशी पोचले होते आणि गाडी सुरू झाली होती. शाम उडी मारून मागे बसला. तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं. "पळव!" शाम किंचाळला. "पळव ना भाय!"

दिपेशने विचार केला नाही. मूठ पिरगळली. गाडी उसळली. त्याच वेळी ऊन अंगावर आलं म्हणून बाईजा टोपली उचलून रस्ता ओलांडत होती.

काकड्या रस्त्यावर दूरवर घरंगळल्या. गाडी आडवी पडून फिरत गेली. शाम उठला, मागे न बघता उतरणीच्या झाडीत शिरला आणि दिसेनासा झाला. "चल, चल!" एवढं मात्र तो ओरडला. दिपेशही उठला होता. त्याला फारसं लागलं नव्हतं. झाडी समोर होती आणि माणसं अजून लांब होती. तो त्या झाडीकडे दोन पावलं गेलाही.

आणि थांबला.

तो परत फिरला. बाईजाजवळ बसला, तिचं डोकं मांडीवर घेतलं. "आजी, आजी गो, डोळे उघड," म्हणत राहिला. तिच्याच तांब्यातलं पाणी तिच्या ओठांना लावलं. माणसं आली. त्यांनी त्याला मारायला सुरुवात केली, हातांनी, पट्ट्याने. तो वाकून मार खात राहिला, पण त्याने मांडी हलवली नाही. कुणी त्याचे केस ओढले तेव्हाही त्याचा एक हात म्हातारीच्या डोक्याखाली होता. पोलीस आले तेव्हा तो त्यांना म्हणाला, "आधी हिला न्या ना. आधी हिला न्या."

बाईजाचं कंबरेचं हाड मोडलं होतं. दिपेश पंधरा वर्षांचा होता, म्हणून त्याला बाल न्याय मंडळापुढे उभं केलं आणि मग मुलांच्या निरीक्षणगृहात ठेवलं. मला एका टेम्पोत टाकून पोलीस ठाण्याच्या आवारात आणलं. माझ्या हँडलला एक चिठ्ठी बांधली. मी आता मुद्देमाल होते.

मित्रांनो, त्या आवारात माझ्यासारख्या पुष्कळ गाड्या होत्या. प्रत्येकीला कधी तरी कुणीतरी पुसलं असेल. माझ्या आऱ्यांमधून वेल चढली, सीट फाटली, चेनला तांबूस गंज धरला. मला स्वतःचं दुःख कमी होतं. मला एकच विचार यायचा, तिथे त्याला काही उलगडायला देत असतील का? की तिथेही तो भिंतीकडे तोंड करून बसला असेल?

बऱ्याच महिन्यांनी कुणाली आणि रामू मला सोडवायला आले. रामू खूप वाळला होता. हवालदाराने माझी चिठ्ठी सोडता सोडता सहज विचारलं, "काय हो, लहानपणापासूनच असला चोरटा होता का पोरगा?"

रामू माझ्या आऱ्यांतली वेल उपटू लागला. कुणाली मात्र म्हणाली, "नाय साहेब. लहानपणापासून तो वर्गाबाहेर होता."

हवालदाराला ते नीट कळलं नसावं. तो "बरं बरं" म्हणाला आणि रजिस्टर पुढे केलं.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी दिपेश घरी आला. निरीक्षणगृहात येणाऱ्या डॉक्टरांनी त्याचं औषध पुन्हा सुरू केलं होतं. आता दर महिन्याला रामू त्याला शहापूरला नेतो. कामाचा खाडा झाला तरी नेतो, आणि नाक्यावर कुणी विचारलं तर थांबून सांगतो, "दवाखान्यात चाललोय. पोराचं औषध हाय." पण बरंच काही परत आलं नाही. गावातली माणसं आपल्या मुलांना दिपेशच्या जवळ फिरकू देत नाहीत. दहावीचा अर्ज बाहेरून भरायचा आहे. तो फार कमी बोलतो. माझ्या कॅरिअरवर अखंड बडबडणारं ते पोर कुठे गेलं, मला माहीत नाही.

एका सकाळी त्याने मला पुसलं, हवा भरली आणि काही न सांगता घाटाच्या रस्त्याला लागला. मला वाटलं ढाब्याकडे. पण तो पुढे बाईजाच्या पाड्याकडे वळला. तिच्या अंगणात उतरला, मला कुंपणाला टेकवलं आणि दाराशी जाऊन उभा राहिला. आतून तिची सून काशी बाहेर आली. तिने त्याला ओळखलं.

"आजी हाय का?" दिपेशने विचारलं.

काशीने पदराने हात पुसले. "म्हातारी गेली. शिमग्याच्या आधीच. त्या दुखण्यातनं उठलीच नाय."

दिपेश तिथेच खाली बसला. घरी त्याला हे कुणीच सांगितलं नव्हतं. काशी त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग होता आणि आणखीही काहीतरी होतं.

"मी तुला माफ केलं, असं बोलणार नाय," ती म्हणाली. "आमची म्हातारी चालती-फिरती होती. स्वतःचं कमावून खात होती."

"हो," तो म्हणाला.

"पण तुझं नाव काढायची ती. बोलायची, सगळे त्याला मारत होते, पण त्या पोरानं माझं डोकं खाली टेकू दिलं नाय. शेवटी शेवटी विचारायची, त्याला सोडला का? त्याला सोडला का?"

दिपेशने गुडघ्यांत तोंड लपवलं. त्याचे खांदे हलत होते. मी कुंपणाशी उभी होते. लहानपणी तो रडला की कुणाली माझी घंटी वाजवायची आणि त्याला हसू यायचं. आता माझी घंटी वाजवणारं तिथे कुणी नव्हतं, आणि वाजली असती तरी काही उपयोग नव्हता.

काशी आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो त्याच्यापुढे ठेवला. "पी," ती म्हणाली. "लांबनं आलास."

मित्रांनो, मी एक सायकल. मला शहाणपण शिकवता येत नाही. कुणाचा दोष किती, हे मोजायचं काम माझं नाही. बाईजा परत येणार नाही आणि दिपेशची ती वर्षंही येणार नाहीत. पण तुमच्या शाळेतही एखादा मुलगा असेल. त्याचे हात स्थिर राहत नसतील. त्याची वही अर्धीच भरलेली असेल. तो तुमची पेन्सिल ओढत असेल आणि नंतर स्वतःच हिरमुसला होत असेल. त्याला 'येडा' म्हणू नका. त्याच्या औषधाला हसू नका. घरी जाऊन आपल्या आई-बाबांना, बाईंना, गुरुजींना सांगा, याला कुणीतरी नीट बघायला हवं. आणि त्याला कुणी बाहेर उभं केलं असेल, तर तास संपल्यावर तुम्हीच दाराशी जा आणि त्याला आत हाक मारा. आत हाक मारणारं कुणी नसेल, तर बाहेर हाका मारणारे पुष्कळ असतात.